तिच्या नावाची ओळ

तिचा फोन वाजला तेव्हा मी दाराबाहेर पायरीवर बसून दाढी करत होतो. तोंडाला साबण तसाच घेऊन आत धावलो.

माझी बायको दिवाळीच्या आधी गेली. हे घडलं तेव्हा आषाढ लागला होता. तिचा फोन तिच्या फोटोखालच्या फळीवर असतो आणि मी तो रोज चार्जिंगला लावतो. सुनेने एकदा विचारलं, "नाना, कशाला लावता रोज?" मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या घरून लाइट येते का?" मी असाच बोलतो. चौथी शिकलेला माणूस. सगळी उमर सुरतेच्या पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये मशीनवर काढली. त्या आवाजात हळू बोललेलं कोणाला ऐकू जात नाही. गोड बोलायचं काम आमच्या घरात तिचं होतं.

लोन घ्या, कार्ड घ्या म्हणणारे सोडले तर इतक्या महिन्यांत त्या फोनवर कोणी तिला मागितलं नव्हतं.

"माशी छे?" पलीकडून एका माणसाने विचारलं. माशी म्हणजे गुजरातीत मावशी, मार्केटात सगळे तिला तेच म्हणायचे.

साबण ओठात गेला, तो कडू लागला.

"हॅलो! माशीने आपो ने." माशीला फोन द्या म्हणत होता.

"ती नाही," मी म्हटलं. आता 'नाही' म्हणजे काय, ते त्याला काय कळणार! घरात नाही, बाजारात गेली, असंच समजला असेल.

"तो काका, तमे आवी जाव. माशीनुं कालनुं पोटलुं पाछुं लई जवानुं छे. काम बराबर नथी."

तुम्ही या, कालचं पोटलं परत न्यायचंय, काम बरोबर नाही, एवढं बोलून त्याने फोन बंद केला. मी फळीला धरून उभा राहिलो. माशीचं कालचं पोटलं. काल! काल तर मी तिच्या फोटोचा हार बदलला होता.

हे पोटल्याचं, म्हणजे साड्यांच्या गाठोड्याचं, काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सुरतेच्या मार्केटातल्या शेठ लोकांच्या साड्या तयार होऊन येतात, पण त्यावर टिकल्या चिकटवणं, लेस लावणं, सुटे धागे कापणं हे काम बाया घरी बसून करतात. आमच्या गल्लीत सगळी खान्देशातली माणसं. पुरुष मिलमध्ये नाहीतर लूमवर, आणि बाया दुपारी दारात पाय पसरून साडीवर. आमच्या गल्लीचं काम माझी बायको आणायची. शेठकडून पोटलं यायचं, ती वाटून द्यायची, झालं की परत गोळा करायची. गोळा केलं की लगेच पाठवायची असं नाही. एक एक साडी पदरापासून उघडून बघायची. एखादी टिकली वाकडी दिसली की त्या बाईच्या घरी जाऊन साडी तिच्या मांडीवर टाकायची. बोलायची काही नाही. नुसती उभी राहायची. ती बाई मला येऊन सांगायची, "नाना, जिजीले सांगा, शिवी दे पण अशी उभी राहू नको." सगळी गल्ली तिला जिजीच म्हणायची.

सगळ्या साड्या बघून झाल्या की ती पोटल्याला साडीच्या किनारीची चिंधी बांधायची. ती गाठ म्हणजे तिची खूण. दुकानात ती गाठ दिसली की पोटलं न उघडता फळीवर जायचं. शेठ स्वतः म्हणायचा, माशीची गाठ आहे, उघडायची गरज नाही. आणि माझी बायको डावखुरी. तिची गाठ डाव्या बाजूने ओढली की सुटायची. उजवीकडून ओढा, आणखी आवळायची. लग्नानंतर पहिल्या दिवसांत माझ्या डब्याचं फडकं मला मिलमध्ये सोडता यायचं नाही. मी दाताने सोडायचो. घरी येऊन ओरडलो तर म्हणाली, "तुमले काय समजस? डावीकून ओढा."

तर ती गेली आणि माझ्या हिशोबाने तिचं नाव तिच्याबरोबर संपलं. बाया साड्यांवर बसलेल्या मी बघत होतो. शेजारीण, जी तिच्या हाताखाली सगळं शिकली, ती आता काम आणते असं मला वाटायचं. विचारलं नाही कधी. ते पोटलं दारावरून जाताना दिसलं की मी तोंड फिरवायचो.

सून आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर होती. ती घरून काम करते, भुसावळकडची मुलगी, कॉम्प्युटरचं शिकलेली. कानाला डबडं लावून मीटिंगमध्ये. मुलगा कडोदऱ्याला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, तो सकाळीच गेलेला. मी तोंड धुतलं, अर्धी दाढी तशीच, आणि रिक्षात बसलो.

शेठच्या दुकानात काउंटरवर नवा माणूस होता. म्हणजे मला नवा. बायकोचे गुडघे गेले तेव्हापासून दुकानात शेजारीणच ये-जा करायची. त्या माणसाने माझ्या बायकोला कधी बघितलंही नसेल. त्याने पोटलं माझ्यापुढे उघडलं. एक साडी पसरली. टिकल्या अर्ध्या निघालेल्या, गोंदाचे डाग, लेसचा धागा लोंबतोय.

"काका, खोटुं न लगाडता," तो म्हणाला, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका, "पण माशी हवे ध्यान नथी राखता. पहेलां माशीनुं काम केवुं हतुं! शेठ पण कहे छे, माशी बगडी गया."

मला आधी कळलंच नाही तो कोणाबद्दल बोलतोय. मग कळलं आणि कानात शिट्टी वाजायला लागली. माशी बिघडली. माझी बायको काम नीट करत नाही. जमिनीवर बसून डोळे फोडून एकेक टिकली बघणारी बाई, तिला हा कालचा माणूस म्हणतो बिघडली. आणि ती मेलेली आहे.

"कोणी सांगितलं हे तिचं काम आहे?"

"आ जुओ ने." त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. गुजरातीत लिहिलेलं, पण तिचं नाव मला वाचता आलं. नावापुढे हिरवा ठिपका. खाली लॉटचा नंबर, तयार. "काले सांजे माशीए मोकल्युं. आजे सवारे पण एक मेसेज आव्यो, बीजो लॉट तैयार."

आज सकाळी. आज सकाळी तिने संदेश पाठवला.

खरं सांगतो, एक क्षण मी दाराकडे बघितलं. माणूस किती वेडा असतो! मी तिला स्वतः अग्नी दिला आहे, अश्विनीकुमारच्या घाटावर राख गार होईपर्यंत बसलो आहे, आणि तरी मी त्या दुकानात दाराकडे बघितलं, की येते का.

मग पोटल्याची चिंधी दिसली. बाजूला टाकली होती, अजून अर्धी बांधलेली. तीच किनार, तशीच गाठ. मी उचलली आणि डावीकडून ओढली. आवळली. उजवीकडून ओढली, सुटली.

"ही गाठ तिची नाही!" मी ओरडलो. शेजारच्या दुकानातले लोक बघायला लागले. "कोणीतरी तिची गाठ बांधली आहे. उजव्या हाताने बांधली आहे!"

त्या माणसाने माझ्या अर्ध्या दाढीकडे बघितलं. "काका, गांठ तो गमे ते बांधे. कॉम्प्युटरमां माशी ज छे."

गाठ कोणीही बांधेल, कॉम्प्युटरमध्ये माशीच आहे. त्याच्याशी काय भांडणार? त्याचं खरं होतं, त्याच्या पडद्यावर तर तीच होती. मी पोटलं बांधलं, खांद्यावर घेतलं आणि निघालो. ती नाही, हे मी तिथेही सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण 'माशी बिघडली'च्या पाठोपाठ 'माशी मेली' हे त्या माणसासमोर माझ्याच्याने बोलवेना.

घरी आलो तर सून दारात. शेजारीणही होती. माझ्या खांद्यावरचं पोटलं बघून दोघींची तोंडं पांढरी पडली. तेव्हा मला समजलं. ह्यांना माहीत आहे. ह्या दोघींनाच काय, त्या दारात बसलेल्या सगळ्या बाया साडीवरून मान वर करून माझ्याकडे बघत होत्या आणि सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नाही.

"नाना, काय व्हयनं?" शेजारीण म्हणाली.

"तू सांग काय झालं! कोण पाठवतंय तिच्या नावाने?"

शेजारीण सुनेकडे बघायला लागली. सून म्हणाली, "नाना, आत या. मी दाखवते."

तिने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. काळा पडदा, त्यावर रंगीत ओळी, मुंग्यांची रांग चालावी तशा. "शेठने सगळ्यांना अ‍ॅप घ्यायला लावलं होतं," ती म्हणाली, "पण आईंना ते जमत नव्हतं. म्हणून मी त्यांच्यापुरतं हे लिहिलं. आई फोनवर हिरवं बटण दाबायच्या आणि बोलायच्या, अमुक लॉट तयार. त्याचा संदेश बनून शेठच्या कॉम्प्युटरकडे जायचा."

"ते मला माहीत आहे. बटण मी बघितलं आहे."

"पण शेठचा कॉम्प्युटर कुणाचाही संदेश घेत नाही, नाना. आधी तो संदेशाच्या डोक्यावरची ओळ बघतो. तिला हेडर म्हणतात. त्या ओळीत किल्ली असते. ज्याला काम दिलंय त्यालाच शेठकडून मिळते. किल्ली बरोबर असली तर खालचं वाचतो. नसली तर परत पाठवतो, तू कोण ते आधी सांग म्हणून."

हे मला कळलं. मिलमध्ये ओल्या कापडाची गाडी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते तेव्हा वर चिठ्ठी खोचलेली असते. कोणाचा लॉट, कोणी रंगवला, त्याची सही. चिठ्ठी नसली की पुढचा माणूस गाडीला हात लावत नाही, मग कापड कितीही चांगलं असो. मी तिला तसं सांगितलं.

"अगदी तसंच," ती म्हणाली.

"तसंच नाही. आमच्या चिठ्ठीवर ज्याने काम केलं त्याची सही असायची. तो सुट्टीवर असला तर दुसऱ्याची. इथे कोणाची आहे?"

तिने बोटाने दाखवलं. एक ओळ. अक्षरं आणि आकडे एकमेकांत मिसळलेले, ज्याचा काही उच्चार होत नाही असे. "ही आईंची."

"हे तिचं नाव आहे?"

"कॉम्प्युटरला त्यांचं नाव एवढंच माहीत आहे."

मी त्या ओळीकडे बघत राहिलो. गाठीची नक्कल करायला गेलं की कुठेतरी चुकते. उजव्या हाताच्या बाईने बांधली की मला कळते. पण ही ओळ कोणीही पाठवली तरी जशीच्या तशी जाते. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. ती जिवंत असताना जशी जायची तशीच आजही जाते, हिरव्या ठिपक्यासकट. मला मेल्या माणसाच्या भुताची भीती कधी वाटली नाही. ह्या ओळीची वाटली.

"हा प्रोग्राम मी माझ्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरही टाकला आहे," सून हळूच म्हणाली. "कधी त्या बटण दाबतात, कधी मी. पण वरची ओळ आईंचीच जाते."

"का? आपल्या घरात अशी चोरी कधी झाली नाही. का केलं?"

"आईंनीच सांगितलं होतं."

"खोटं बोलू नको."

"शप्पथ, नाना. हॉस्पिटलमध्ये. तुम्ही खाली औषध आणायला गेला होतात. म्हणाल्या, लगीनसराई तोंडावर आली आहे. माझं नाव बंद पडलं तर शेठ नवं नाव चढवेपर्यंत काम दुसऱ्या गल्लीला देईल. एकदा गेलेलं काम परत येत नाही. लगीनसराई निघेपर्यंत माझं नाव चालू ठेव." ती थांबली. "आणि म्हणाल्या, त्यांना सांगू नको."

"कोणाला?"

"तुम्हाला."

मला कोणी पाण्यात ढकलावं तसं झालं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो. शेवटच्या दिवसांत तिचा हात सोडला नाही, फक्त औषधाला खाली गेलो, आणि तेवढ्यात तिने हे केलं.

"मला का नको?"

सुनेने खाली मान घातली. बाहेरून शेजारीण म्हणाली, ती दाराला कान लावूनच उभी होती, "जिजी म्हणे, त्या मार्केटमां जाई बोंब मारतीन."

मार्केटात जाऊन बोंब मारतील. मी तर मारूनच आलो होतो. हसावं की रडावं कळेना. बाई मेली पण मला ओळखून मेली.

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बघितल्याशिवाय बटण दाबू नको." आता सूनच रडायला लागली. "सुरुवातीला मी बघत होते, नाना. मीटिंग संपली की एकेक साडी. मग माझंही काम वाढलं, साड्याही वाढल्या. काकू म्हणाल्या, जाऊ द्या. गाठ त्या बांधायच्या. मी ओळ पाठवायची."

"लगीनसराई संपून आषाढ लागला. मग का काढली नाही ही ओळ?"

मी पुन्हा विचारलं, जोरात.

"बसले होते काढायला. दोनदा बसले. तिथपर्यंत बोट नेलं." एवढंच बोलली. बोट हवेत कसं धरलं होतं ते दाखवलं आणि तसंच ठेवलं.

मी फोटोखालच्या फळीकडे बघितलं. तिचा फोन वायरला लटकत होता. मी कोणत्या तोंडाने हिला बोलणार? मी रोज तो फोन चार्ज करतो आणि ही रोज ती ओळ पाठवते. एका घरात दोन वेडे.

पण ते पोटलं मध्ये पडलं होतं. गोंदाचे डाग आणि लोंबणारा धागा. त्याच्यावर तिचं नाव. ती गेली ते मी सोसत होतो, पण शेठच्या दुकानात रोज थोडी थोडी तिची लाज जात होती आणि तिला येऊन कोणाच्या दारात उभं राहता येत नव्हतं.

"उद्या मी शेठला सांगणार," मी म्हटलं.

शेजारीण आत आली. "नाना, काम बंद व्हई जाई. मन्हा घरमां आते कोन कमावस? सांगा."

तिचा नवरा मिलमधून सुटलेला, घरी बसून. हे मला माहीत होतं. तरी बोललेलं मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने सुट्टी घेतली आणि आम्ही दोघं शेठकडे गेलो. ह्या वेळी दाढी पूर्ण केली. शेठ वरच्या माळ्यावर बसतो, म्हातारा झाला आहे, माझ्याच वयाचा असेल. मला बघून म्हणाला, "आवो काका, माशी केम छे?"

मी म्हटलं, "शेठ, ती गेली. दिवाळीच्या आधी."

त्याच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. त्याने सुनेकडे बघितलं, खालच्या काउंटरकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "पण मेसेज…"

सुनेने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हेडरचं, किल्लीचं, बटणाचं. सासूने सांगितलं होतं हे मात्र ती बोलली नाही. सगळं स्वतःवर घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने माझा हात दाबला. ती असा हात दाबते हे मला माहीत नव्हतं. सासूची सवय उचलली आहे.

शेठ एकदम चिडला. "काका, आ तो दगो कहेवाय! में गांठ जोईने माल लीधो. फरियाद आवी त्यां सुधी पोटलुं खोल्युं पण नहीं!" गाठ बघून माल घेतला, तक्रारी येईपर्यंत उघडलाही नाही. त्याचा आवाज चढला तसा माझाही चढणार होता, मी गिळला. कारण त्याचं खरं होतं. आणि चिडता चिडता त्याने उपरणं डोळ्याला लावलं, ते मी बघितलं.

त्याने खालच्या माणसाला बोलावून सांगितलं, माशीची किल्ली आत्ताच्या आत्ता बंद कर. मग आम्हाला म्हणाला, "नवी चावीनुं पछी जोईशुं. पहेलां ए पोटलुं सुधारीने लावो. हुं पोते खोलीश." आधी ते पोटलं दुरुस्त करून आणा. मी स्वतः उघडून बघेन. म्हणजे गल्लीचं काम आता त्या एका पोटल्यावर टांगलेलं.

घरी आलो. सगळ्या बायांना सांगितलं. कोणी मला शिवी दिली नाही, पण कोणी माझ्याशी बोललंही नाही. पोटलं दारात उघडलं. शेजारणीने पदर खोचला आणि साड्या वाटल्या. टिकल्या उपटल्या, डाग रॉकेलच्या बोळ्याने काढले, पुन्हा चिकटवल्या. सून त्यांच्यात जाऊन बसली, कॉम्प्युटर बंद करून. मला बारीक काम दिसत नाही म्हणून मी साडीचं एक टोक धरून उभा राहायचो, म्हणजे ती जमिनीला लागणार नाही.

दुपार कलली तेव्हा काम झालं. शेजारणीने सवयीने फोन काढला. सवयच ती. हिरवं बटण दाबलं, लॉटचा नंबर बोलली. आणि फोनकडे बघून किंचाळली.

"नाना! हाऊ फोन जिजीले वळखत नही!"

मी फोन घेतला. सुनेने वाचून दाखवलं. संदेश परत आला होता. ओळख पटली नाही. माझ्या हातातलं साडीचं टोक सुटलं. किल्ली बंद केली ते मला माहीत होतं, मीच तर बंद करवली होती. सुनेने त्या फोनमधली ओळ अजून बदलली नव्हती, एवढीच गोष्ट. पण जिला सुरतेचं अख्खं मार्केट गाठीवरून ओळखायचं, तिला हे मशीन म्हणतं ओळखत नाही. घाटावर मला रडू आलं नव्हतं. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. तिथे गल्लीत, सगळ्या बायांपुढे, तो फोन हातात धरून मी रडलो. शेजारीण माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बोलली काही नाही. नुसती उभी राहिली.

मग पोटलं बांधायचं आलं. तिने चिंधी घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझी गाठ बांध," मी म्हटलं. "तुझ्या हाताची. उजवी."

शेठने दुसऱ्या दिवशी खरंच स्वतः उघडलं. एक एक साडी, पदरापासून. आम्ही तिघं समोर उभे. त्याने एका साडीत एक सैल टिकली काढून दाखवली, शेजारणीने तिथेच डबीतून गोंद काढून लावली. शेठ खालच्या माणसाला म्हणाला, ह्या बेनच्या नावाने नवी चावी बनव. आणि पुढे म्हणाला, आता काही महिने प्रत्येक पोटलं उघडून घेणार. शेजारीण म्हणाली, "खोलजो, शेठ. सो वार खोलजो." शंभर वेळा उघडा.

घरी आल्यावर सून कॉम्प्युटरवर बसली. मी मागे खुर्ची ओढली. नवी किल्ली तिने घातली, शेजारणीच्या आणि स्वतःच्या, दोन्ही फोनमध्ये. एक संदेश पाठवून बघितला. गेला. शेजारणीच्या नावापुढे हिरवा ठिपका आला असेल दुकानात.

"आणि जुनी ओळ?" मी विचारलं. "ह्या वेळी काढलीस ना?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं. ती ओळ तिथेच होती. तीच अक्षरं, तेच आकडे. मी पुन्हा हबकलो. म्हटलं, ही पोरगी मला मारणार.

"घाबरू नका, नाना. पुढे ही खूण लावली आहे, दिसते? ही खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही. सोडून पुढे जातं. किल्लीपण बंद झाली आहे, ती आता कुठेच लागत नाही." ती थोडी घुटमळली. "काढून टाकू का? तुम्ही म्हणाल तर टाकते."

त्या खुणेमुळे ओळीचा रंग बदलला होता. बाकी ओळी रंगीत, ही एकटी राखाडी. मी जवळ जाऊन बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"कोणाला अडचण होते का तिची?" मी विचारलं.

"नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन फळीवरचा फोन बघितला. चार्जिंग पूर्ण झालं होतं. वायर काढून ठेवली.